चुन्याच्या भिंतींत सिमेंटच्या दरजा भरू नका

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की म्हाडाचे मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ अतिधोकादायक उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींची यादी जाहीर करते. त्याच सुमारास गिरगाव, लालबाग, परळ, भायखळ्याच्या जुन्या चाळींभोवती बांबूंच्या परांच्या उभ्या राहतात. यादीत नाव नसलेल्या इमारतींचे रहिवासीही वर्गणी काढून निदान घरगल्लीकडच्या, म्हणजे दोन इमारतींमधल्या अरुंद बोळाकडच्या, भिंतीचे ‘पॉइंटिंग’ (विटांमधल्या फटी, म्हणजे दरजा, पुन्हा भरणे) करून घेतात. एप्रिलअखेर कंत्राट, मे महिन्यात काम, जूनच्या पहिल्या आठवड्यात परांची खाली. अंदाजपत्रकातली ओळ ठरलेली असते: ‘सिमेंट-रेती १:३ मध्ये दरजा भरणे’, म्हणजे एक भाग सिमेंटला तीन भाग रेती. या एका ओळीने चांगल्या विटांच्या भिंती वाया जात आहेत, म्हणून हे सविस्तर पत्र.

उपकराच्या ‘अ’ वर्गातल्या, म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारतींत लाकडी सांगाड्यात विटांची भर किंवा जाड भारवाहक भिंती सर्रास दिसतात आणि त्यांची जोडणी चुन्यातली आहे. चुन्याचा माल (विटा जोडणारे मिश्रण) विटेपेक्षा मऊ असतो, आणि तो मऊ असणेच गरजेचे आहे. पश्चिमेच्या झडीत भिंत पाणी पिते. सांताक्रूझला चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा ती पिणारच. उघाड पडली की ते पाणी मुख्यतः दरजांतून वाफ होऊन बाहेर जाते. समुद्राची हवा, खाडीची रेती आणि गळकी गटारे यांतून आलेले क्षार पाण्याबरोबर पुढे सरकतात आणि जिथे पाणी वाळते तिथे त्यांचे स्फटिक होतात. यालाच आपण लोणा म्हणतो. चुन्याच्या भिंतीत लोणा दरजेत धरतो, दरज भुसभुशीत होते आणि वीट वाचते. काही दशकांनी दरजा खरवडून पुन्हा भरायच्या, एवढाच त्या भिंतीचा देखभालीचा खर्च.

त्याच दरजेच्या तोंडावर १:३ सिमेंट बसले की पाण्याची वाट बंद होते. दरज घट्ट, म्हणून पाणी विटेतून बाहेर पडू लागते आणि लोणा विटेच्या तोंडामागे साठतो. मग विटेचे पापुद्रे निघतात, तोंड गळते, आणि काही वर्षांत वीट आत गेलेली व सिमेंटची चौकट बाहेर आलेली अशी मधाच्या पोळ्यासारखी भिंत दिसू लागते. लालबाग-परळच्या घरगल्ल्यांत हे रूप हाताच्या अंतरावरून बघता येते. सिमेंटची दरज शाबूत असते, म्हणून कंत्राटदार ती दाखवून काम टिकल्याचे सांगतो. भिंत मात्र संपत आलेली असते.

आकडे पाहा. आयएस १९०५ या भारतीय मानकात १:३ च्या घट्ट सिमेंट मालाची ताकद १० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरली आहे, तर आयएस १०७७ मध्ये विटांचा सर्वांत खालचा वर्ग ३.५ चा आहे. अशा विटेच्या जवळजवळ तिप्पट ताकदीचा माल दोन विटांमध्ये कोंबला, तर भिंत हलेल तेव्हा तडा विटेतच जाणार. आणि लाकडी सांगाड्याची भिंत हलतेच. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. शिवाय सिमेंट सुकताना स्वतःही आकसते आणि विटेच्या कडेशी केसाएवढी फट पडते. त्या फटीतून पाणी आत ओढले जाते, पण तेवढ्याच सहजतेने बाहेर येत नाही. लाकडी खांबाला लागून असे झाले तर खांब आतल्या आत कुजतो आणि वरून काहीच दिसत नाही.

म्हणून पहिली पायरी म्हणजे जोडणी कशाची आहे ते बघणे. दोन-तीन ठिकाणी, पावसाच्या माऱ्यापासून आडोशाला असलेल्या जागी, इंचभर खोल माल काढायचा. चुन्याचा माल खिळ्याने सहज खरवडतो, बोटांत चुरडतो, रंगाने पांढुरका किंवा सुरखीमुळे (विटांच्या भुकटीमुळे) गुलाबी असतो आणि त्यात न विरलेल्या चुन्याचे पांढरे खडे दिसतात. सिमेंटचा माल राखाडी असतो आणि खिळ्याला दाद देत नाही. वरचा पापुद्रा सिमेंटचा निघाला तरी फसू नये. तो बहुधा मागच्या दुरुस्तीचा असतो, आत चुना असतो. ॲसिडचा थेंब टाकून फेस बघण्याची पद्धत इथे उपयोगाची नाही, कारण जुना चुना आणि जुने सिमेंट दोन्ही फेसाळतात.

महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब खाली ३० वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी होते. तिच्या अहवालात रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिकचे तक्ते जोडलेले असतात. त्या चाचण्या काँक्रीटच्या आहेत; चुन्यातल्या वीटकामाबद्दल त्या काही सांगत नाहीत. जोडणी कशाची आहे, दरजा किती खोल पोकळ झाल्या आहेत आणि ओल कुठून येते, हे तीन मुद्दे तपासनिसाने लिहून द्यावेत असा आग्रह रहिवाशांनी धरायला हवा.

ओलीचे मूळ सापडल्याशिवाय छिन्नी हातात घेऊ नये. घरगल्लीत बिडाचे पाइप भिंतीला चिकटून असतात आणि त्यांची भिंतीकडची बाजू गंजून फुटलेली असते. समोरून पाइप धडधाकट दिसतो. मागे आरसा धरला किंवा हात घातला की कळते. एसीच्या नळ्या भिंतीवर सोडलेल्या असतात, कौलांखालची पन्हळ तुंबलेली असते. तळाशी वेगळाच प्रकार. रस्ते वरचेवर चढत गेल्याने कितीतरी चाळींचे जोते जमिनीखाली गेले आहे आणि खालच्या तीन-चार फुटांत जमिनीतली ओल वर्षभर चढत राहते. तिथे लोक सिमेंटचा गिलावा करून वर टाइल्स लावतात. ओल मग टाइल्सच्या वरच्या कडेला बाहेर पडते, म्हणजे जिथे पूर्वी कोरडे होते तिथे. अशा ठिकाणी पाणी लांब नेणारी मोरी आणि मऊ चुन्याच्या दरजा हाच उपाय आहे. त्या दरजा लवकर झिजतील, पण विटांच्या वाट्याचे नुकसान त्याच सोसतात.

पिंपळाचे रोप उपटू नये. मूळ आत तुटून राहते आणि पुन्हा फुटते, किंवा चार विटा घेऊनच बाहेर येते. त्यावर ॲसिड ओतण्याची सवय तर फारच वाईट. मूळ मरो न मरो, भोवतालचा चुना विरघळतो. खोड भिंतीलगत कापून ताज्या कापावर तणनाशक लावावे लागते. ग्लायफोसेट वापरायचे असेल तर २०२२ पासून ते काम पेस्ट कंट्रोल करणाऱ्यांकडूनच करून घ्यावे लागते. मूळ पूर्ण वाळल्यावरच तिथल्या दरजा उघडाव्यात.

आता खरवडणे. दरजेच्या रुंदीच्या अडीचपट खोली, हे माप लक्षात ठेवावे. आपल्याकडच्या १० मिलिमीटरच्या दरजेला २५ मिलिमीटर, म्हणजे इंचभर. त्याहून उथळ भरलेला माल धरायला जागा नसल्याने पापडासारखा निसटतो. उघडलेली दरज आत चौकोनी हवी, नुसती ‘व्ही’ आकाराची नको. चुन्याचा माल काढायला ग्राइंडरची गरजच नसते. दरजेहून अरुंद छिन्नी आणि हलका हातोडा पुरतो. ग्राइंडरने आडव्या दरजा पटापट होतात खऱ्या, पण उभ्या दरजेत चकती वरच्या-खालच्या विटेला कापल्याशिवाय तळापर्यंत जातच नाही. विटेची भाजलेली कड एकदा गेली की ती परत येत नाही. मागच्या दुरुस्तीचे सिमेंट काढायचे असेल तर आधी चौरस मीटरभर जागेवर करून पाहावे. विटांच्या कडा तुटत असतील तर घट्ट बसलेले सिमेंट तसेच ठेवून फक्त सुटलेले काढलेले बरे. सगळी भिंत एकदम उघडायची नाही. सुमारे चौरस मीटरचा तुकडा खरवडला की तो भरून मग पुढे जायचे. साडेचार इंची भिंतीत, खिडकी-दाराच्या कमानीवर आणि तुळयांच्या टेकूखाली अभियंत्याला विचारल्याशिवाय इंचभरही आत जाऊ नये. भिंत फुगली असेल किंवा तडा विटांतून आरपार गेला असेल, तर तो दरजा भरण्याचा विषयच नाही.

खरवडल्यावर ब्रशने धूळ काढायची आणि वरून खाली पाण्याने धुवायचे. धूळ राहिली तर नवा माल विटेला धरत नाही. भरण्याच्या आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा भरण्याआधी भिंत ओली करायची. वीट ओलसर असावी, पण पाणी चमकू नये. कोरडी वीट मालातले पाणी शोषून घेते आणि चुना पिठूळ राहतो.

मालाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण गल्लत इथेच होते. कळीचा चुना (भट्टीतून आलेले न विरवलेले खडे) पाण्यात सोडून विरवावा. पाणी उकळते, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच. चुन्याने डोळा जातो. विरलेला चुना बारीक चाळणीतून गाळून, वर पाण्याचा थर ठेवून, निदान दोन-तीन आठवडे मुरवावा. जितका मुरेल तितका चांगला. कळी मिळाली नाही तर पोत्यातला हायड्रेटेड चुना चालतो, मात्र ताजा हवा आणि दिवसभर भिजवलेला हवा. ताजेपणा तपासायला चमचाभर चुन्यावर व्हिनेगर टाकावे. जोरात फसफसला तर तो हवेने मेलेला आहे, पोते परत करावे. घर रंगवायच्या स्वस्त पुड्या या कामाच्या नाहीत.

रेती धारदार आणि लहान-मोठ्या कणांची हवी, पण सगळ्यांत मोठा कण दरजेच्या एक तृतीयांशाहून मोठा नको. खाडीची रेती गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय वापरली तर लोणा आपणच विकत आणला म्हणायचे. गाळ तपासायला बाटलीत रेती आणि पाणी हलवून काही तास ठेवावे. सहा इंच रेतीवर अर्ध्या इंचाहून जास्त गाळ बसला तर ती रेती नको. ओलसर रेती फुगते. कोरडीच्या तुलनेत पाव पटीपर्यंत जास्त जागा व्यापते, म्हणून घमेल्याने मोजताना कोरडी रेतीच मोजावी, नाहीतर चुना आपोआप जास्त पडतो आणि दरज सुकताना तडकते.

आडोशाच्या भिंतीला एक भाग चुना, तीन भाग रेती पुरते. झडीच्या बाजूला एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग रेती. सुरखीने चुन्याला पाण्यात टिकण्याची ताकद येते, पण ती मध्यम भाजलेल्या विटांची आणि बोटांना खरखर लागणार नाही इतकी बारीक हवी. जास्त भाजून काळी पडलेली वीट निष्क्रिय असते, आणि पाडकामाच्या राबिटाची (ढिगाऱ्याची) भुकटी म्हणजे सुरखी नव्हे. त्यात जुने सिमेंट आणि क्षार असतात. खात्री करायला चुना-सुरखीच्या चार गोळ्या वळून आठवडाभर ओल्या गोणपाटात ठेवाव्यात आणि मग पाण्यात टाकाव्यात. विरघळल्या तर ती सुरखी परत करावी. बजेट असेल तर तयार नैसर्गिक हायड्रॉलिक चुना, एनएचएल ३.५, हाही चांगला पर्याय आहे. सवयीने त्यात ‘पकड यायला’ मूठभर सिमेंट टाकू देऊ नये. गूळ-हिरड्याचे पाणी जाणत्या गवंड्यानेच वापरावे. सिमेंट असलेल्या मालात गूळ पडला तर तो घट्टच होत नाही.

१९५० नंतरच्या, काँक्रीटच्या सांगाड्यात सिमेंटनेच बांधलेल्या भिंतींची गोष्ट वेगळी. तिथे एक सिमेंट, एक चुना, सहा रेती हा मिश्र माल योग्य. तिथेही १:३ नको.

भरताना रुंद थापीने तोंडावर माल फासू नये. दरजेत जाईल अशी अरुंद लोखंडी पट्टी घ्यावी आणि माल घट्टसर कालवावा. मुठीत दाबला तर गोळा व्हावा, हाताला चिकटू नये. आधी सर्वांत खोल जागा भरायच्या, मग आठ-दहा मिलिमीटरचे थर एकावर एक दाबत जायचे. पहिला थर अंगठ्याने दाबला तर ठसा जेमतेम उमटावा इतका आवळला की पुढचा. तोंड विटेच्या कडेपासून किंचित आत ठेवायचे. विटेवर चढवले तर पातळ कड राहते आणि पहिल्याच पावसात तिथून सोलते. शेवटी काथ्याच्या कुंच्याने हलके ठोकले की वरची साय मोडते आणि दरज श्वास घेऊ शकते. सिमेंटच्या कामासारखी घोटून गुळगुळीत करायची नाही. परांचीची भोकेही त्याच मालाने भरावीत, ती हमखास विसरली जातात.

मालाच्या हिशोबावरून काम खरे की वरवरचे ते कळते. शंभर चौरस फूट भिंतीत सुमारे दीडशे मीटर दरजा असतात. १० मिलिमीटर रुंद आणि २५ मिलिमीटर खोल भरायचे तर ३८ लिटर माल लागतो, सांडलवंड धरून पन्नास. म्हणजे सुरखीच्या मालासाठी १५-१६ लिटर चुना, तितकीच सुरखी आणि ३०-३२ लिटर रेती. एका घमेल्यात, म्हणजे दहा-बारा लिटरमध्ये, शंभर फूट उरकले असतील तर भर सात-आठ मिलिमीटरच आहे. असे काम दुसऱ्या पावसाळ्यापर्यंतही टिकायचे नाही.

पुढचा आठवडा-दहा दिवस ओले गोणपाट भिंतीपासून थोडे सुटे टांगून ठेवावे आणि दिवसातून तीन-चार वेळा फवारा मारावा. पाइपाने जोरात पाणी मारले तर चुना धुऊन जातो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश कडक होतो. त्याला महिना-दीड महिना जोरदार पावसाशिवाय हवा असतो. मे महिन्यात हे काम करणे चुकीचे आहे ते यामुळे. सिमेंटच वापरले जाते त्याचे एक कारणही हेच, की उशिरा सुरू झालेल्या कामात दुसरे काही बसत नाही. पावसाळ्यात भिजलेली भिंत वाळायला ऑक्टोबर जातो. नोव्हेंबरात परांची बांधावी आणि मार्चअखेर शेवटची दरज भरलेली असावी. कामानंतर भिंतीवर वॉटरप्रूफ रंगाचा थर देण्याची सूचना हमखास येते. तिला ठाम नकार द्यावा, नाहीतर सिमेंटने बंद केलेली वाट रंगाने पुन्हा बंद होते.

वारसा यादीतल्या इमारतींना १९९५ पासून वारसा नियमांमुळे परवानगी आणि छाननी असते. साध्या चाळींना ती नसते, आणि मुंबईतले बहुतेक जुने वीटकाम अशाच इमारतींत आहे. म्हणून दुरुस्ती मंडळाने आणि गृहनिर्माण संस्थांच्या सल्लागारांनी अंदाजपत्रकातली ती ओळच बदलावी. ‘मूळ जोडणीशी जुळणाऱ्या मालात, २५ मिलिमीटर खोल खरवडून, थरांत दरजा भरणे’ असे लिहावे, आणि चुन्याच्या कामाला वेगळा दर द्यावा. हे काम सावकाश होते. सिमेंटच्या दराने ते मागितले तर गवंडी सिमेंटच भरणार. मुख्य काम सुरू होण्याआधी चौरस मीटरभर नमुना करून तो सर्वांना दाखवावा. प्रत्येक तुकडा खरवडून झाल्यावर, माल भरण्याआधी, दरजेत पट्टी धरून खोलीचा फोटो काढावा आणि त्या फोटोंशिवाय बिल मंजूर करू नये. एकदा माल भरला की खोली कुणालाच मोजता येत नाही.

आपला,
जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामातील एक अभियंता,
परळ, मुंबई